कूलरमधला गार्ड

चारुशीलाबाईंनी नवऱ्याला कूलरमध्ये कोंडून ठेवलंय, अशी बातमी आमच्या महाल भागात पसरली. पसरवली मीच, असं लोक म्हणतात. मी तर फक्त चार घरी सांगितली होती. खरं म्हणाल, तर कृष्णकांतराव त्या कूलरमागे आपल्या पायांनी जाऊन बसत.

साल सत्त्याऐंशी. बाईंची बालवाडी मंडळाच्या हॉलमध्ये भरायची. पलीकडच्या इंग्रजी शाळेत कॉम्प्युटर आला आणि आईबाप पोरांना तिकडे घालू लागले. मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव म्हणाले, "बाई, पोरं अशीच कमी होऊन राहिली, तर हॉल टायपिंग क्लासले देऊन टाकू."

मग बाईंनी जुन्या कूलरचा पत्र्याचा सांगाडा आणला. पुढे काच, मागे स्टुलावर नवरा. झाला बालवाडीचा कॉम्प्युटर! पोरानं तीन बोटं दाखवली की काचेत पुठ्ठ्याची तीन संत्री वर यायची. हात पसरले की पोपट उडायचा. कृष्णकांतराव रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. जन्मभर झेंडी दाखवली. आता फटीतून चिमुकले हात बघून दोऱ्या ओढत.

मी चिडवलं, "काय गार्डसाहेब, गाडी कुठवर आली?"

"गोपिका आज दोनवर पोचली," ते म्हणाले.

ही गोपिका बालवाडीत आल्यापासून फ्रॉकच्या खिशातून हात काढत नव्हती. आता ती दोन बोटं दाखवू लागली होती.

एक दिवस मधुकरराव स्वतः बघायला आले. हॉलचं काय करायचं, ते त्याच दिवशी ठरणार होतं. मी अर्थातच खिडकीशी. गोपिकानं दोन बोटं दाखवली. संत्री येईनात. पुन्हा दाखवली. मग तिनं फटीतून आत डोकावलं, वळली आणि ओठांवर बोट ठेवलं. सगळी पोरं ओठांवर बोट ठेवून गप्प बसली. पत्र्यातून घोरणं ऐकू येऊ लागलं.

मधुकरराव कुजबुजले. हो, तेसुद्धा कुजबुजले! "बाई, तुमचा कॉम्प्युटर घोरून राहिला! आत माणूस आहे, हे पोरांना ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग त्याले हात काहून दाखवतात?"

टायपिंग क्लासला पुढे दुसरीकडे जागा शोधावी लागली. पण बाईंनी तेव्हा दिलेलं उत्तर मी जसंच्या तसं सांगतो, त्यात माझा मीठमसाला काही नाही:

"माणूस आहे, म्हणूनच तर दाखवतात. आता झोपलेत, उठले की बघतील."