चेटकिणीचा स्वभाव

जेवणाच्या टेबलावर माझी लेक मुक्ता मैत्रिणींबरोबर फाशांचा खेळ खेळत होती. त्यात प्रत्येकीने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं, त्याचा स्वभाव आधीच कागदावर लिहायचा आणि शेवटपर्यंत तसंच वागायचं. मुक्ताने हौसेने चेटकीण घेतली होती आणि स्वभाव लिहिला होता ‘दुष्ट’. पण जखमी शत्रूने पाणी मागितलं, तेव्हा तिच्या चेटकिणीने त्याला पाणी पाजलं.

“नियम मोडलास. निम्मी जादू गेली तुझी,” खेळ चालवणारी मैत्रीण म्हणाली.

“जाऊ दे,” म्हणत मुक्ताने ‘दुष्ट’ खोडून टाकलं.

मी तापट आहे, असं मीही कधीतरी ठरवून टाकलं आणि आजवर इमानेइतबारे तसाच वागत आलो.

“आता काय लिहिणार?” मी विचारलं.

“आधी वागून बघते, बाबा.”