बिनतुरटीची धोकटी

"बसा. अजून भिजलं नाई."

हे वाक्य ऐकत वाशीमच्या कचेरीतल्या आम्हा सहा कारकुनांनी किती सकाळी घालवल्या असतील, देव जाणे. कचेरीबाहेरच्या निंबाखाली आमचा म्हाली, म्हणजे तुमच्याकडचा न्हावी, पोतं टाकून बसायचा. पितळेच्या वाटीत बोटं बुडवायची आणि समोरच्याचा गाल कणकेसारखा मळायला घ्यायचा. आत शिरस्तेदारांचा आवाज चढू लागला तरी मळणं संपत नसे.

"म्हाली, वस्तरा कवा लावता?"

"दाढी वस्तरा नाई करत बाबू, पानी करते. वस्तरा नुसता झाडून घेते. तोंड बंद ठेवा."

माझी कातडी मुळात नाजूक. आधीच्या म्हाल्यांनी तिची अशी काही सेवा केली होती की मानेवर कायम लाल पुरळ असायचं. मला बघायला आलेल्या एका मुलीच्या बापाने हळूच विचारलं होतं, "खरूज किती दिवसांची?" ती सोयरीक तिथेच बारगळली. या म्हाताऱ्याने महिन्याभरात माझी मान माणसात आणली. पुढे माझं लग्न झालं, त्याचं श्रेय पत्रिकेला देणाऱ्यांनी खुशाल द्यावं.

त्याचा नेम एकच. केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने वस्तरा चालायचा. उलटा हात मारायचा नाही. दाढी थोडी खरखरीत राहायची, पण आग होत नसे. एका वकिलांनी हट्ट धरला, गाल गुळगुळीतच हवा. म्हातारा म्हणाला, "नवरीसारखा गाल पाह्यजे असन तर नवरीले हात लावा, मले काहून छळता?" आणि धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, उचलून चालता झाला. वकीलसाहेबांनी त्या दिवशी अर्ध्या दाढीने बाजू मांडली.

त्याच्या धोकटीत तुरटी नव्हती. कापणाऱ्याला तुरटी लागते, असं तो तोऱ्यात सांगायचा. उभ्या आयुष्यात आपल्या हातून कुणाचं रक्त आलं नाही, हीच त्याची जमीन आणि हीच त्याची जहागीर.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. पण एके सकाळी निंबाला टेकवलेल्या कडब्याच्या पेंढीला त्याने "या, बसा" म्हटलं, तेव्हा आम्ही काय ते समजलो. तरी जात राहिलो. एक तर त्याची बोटं आमच्या डोळ्यांपेक्षा तयार होती. दुसरं म्हणजे, आम्ही जाणं सोडलं असतं तर आम्हाला कळल्याचं त्याला कळलं असतं, आणि तो उठलाच असता. ही काही थोर भक्ती नव्हती. गळ्याशी वस्तरा आला की मी तर मनातल्या मनात मारुती म्हणायचो.

दोन वर्षं निभावलं. मग एकदा माझ्या गालावर चुरचुरलं.

त्याचं बोट तिथेच थांबलं. "हे काय व्हय?"

"पानी आहे, म्हाली."

त्याने बोट जिभेला लावलं.

"पानी खारट कवापासून झालं, बाबू?"

मी धोतराचा सोगा गालावर दाबून बसलो. त्याने वस्तरा पुसला, मिटला, वाटीतलं पाणी निंबाच्या मुळाशी ओतलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही नाही.

आम्ही सहाही जणांनी दुसरीकडे दाढी करायची नाही असं ठरवलं. म्हातारा आज ना उद्या विरघळेल, ही अटकळ. बारा दिवसांत कचेरीला मठाची कळा आली. बाहेरगावचे नवे साहेब घाबरून म्हणाले, "सगळ्यांना सुतक? कोण गेलं?"

शिरस्तेदार म्हणाले, "कोनी नाई साहेब. म्हाली रुसला."

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवर बसला होता. त्याने एकेकाचा गाल चाचपला आणि नाव न विचारता सगळ्यांना ओळखलं.

"उद्या या, म्हाली," मी म्हणालो.

"डोये गेले बाबू. दिसत नाई मले." हे तो पहिल्यांदाच बोलत होता. मग थबकला. "तुमाले ठाऊक होतं?"

"होतं."

"कवापासून?"

"दोन वर्सं झाले."

"अन् तरी गळा देत होते?"

आम्ही सहाही जण दाढ्या खाजवत राहिलो.

"बयाड झाले काय सारे!" तो ओरडला. आम्हाला वेडं ठरवणारी इतकी सणसणीत शिवी कुणा साहेबाने दिली नव्हती आणि इतकी गोडही लागली नव्हती. पण तो परत आला नाही. पौषात गेलाच.

त्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी त्याने माझा गाल धरला होता. दाढीतून शोधत शोधत बोट त्या जागेवर आलं. तांदळाच्या दाण्याएवढा वण होता. त्याने तो दोनदा चाचपला.

"भरलं," तो म्हणाला, आणि बराच वेळ बोट तिथून काढलं नाही.