भरताच्या वांग्याच्या रंगाची शाल

"एवढी ओळ होऊ द्या."

दार वाजवलं की आतून आधी हे यायचं, मग माणूस. दोन्ही सुया एका हातात, दुसऱ्या हाताचं बोट वर, मान खाली. गॅसवर दूध उतू चाललंय, नळाखालची बादली भरून पाणी अंगणात आलंय, मतं मागायला आलेला पुढारी उन्हात घाम पुसत उभा आहे, पण अक्काची ओळ व्हायची आहे. पुढारी एकदा म्हणाला, "अक्का, तुमची ओळ होईस्तोवर आमची मुदत संपायची." अक्का म्हणाली, "मग पुढच्या खेपेला लवकर या, भाऊ."

जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीत तिला लहानमोठे सगळे अक्काच म्हणत. मी वयानं बराच मोठा, तरी मीही अक्काच म्हणायचो. ती मला आबा म्हणायची आणि माझ्या बायकोला जिजी. भिंतीला भिंत लागून घर. तिचे मालक एसटीच्या वर्कशॉपात होते, मी डाळीच्या मिलमध्ये पोती वाहिली.

तुम्ही म्हणाल, जळगावात लोकर कशाला? बरोबर आहे. इथं होळी झाली की कूलर लागतो. थंडी येते ती पाहुण्यासारखी, संक्रांत खाऊन जाते. पण अक्का भर मे महिन्यात कूलरपुढे बसून विणायची. घामानं लोकर हाताला चिकटते म्हणून शेजारी पावडरचा डबा. हाताला पावडर लावायची, थोडं विणायचं, परत पावडर. संध्याकाळी ओट्यावर आली की हात पांढरे. मी म्हणायचो, "अक्का, कॅरम खेळून आल्या का?"

गल्लीत कोणाच्या घरी पाळणा हलायचा असला की अक्काला आधी कळायचं. लगेच सुयांवर टाके चढायचे. पण लेकरं काही अक्कासाठी थांबत नाहीत. समोरच्या घरातल्या नातवासाठी तिनं स्वेटर काढला, तो होईपर्यंत नातू चालायला लागला. मग तोच स्वेटर उसवून तिनं कानटोपी करायला घेतली. टोपी होईपर्यंत पोराचं डोकं मोठं झालं. शेवटी पायमोजे झाले, ते त्याच्या धाकट्या बहिणीला आले. पोरीची आजी म्हणाली, "अक्का, मोजे आले, आता स्वेटर हिच्या लग्नात द्या, रुखवतात मांडू." सगळ्या बायका हसल्या. अक्काही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मी ओट्यावरून पाहिलं.

आमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी आपापले स्वेटर पाहिलेले होते. घातलेले फार थोड्यांनी. अक्का अर्धवट घेऊन यायची, पाठीला लावून माप पाहायची, "बाह्या तेवढ्या राहिल्या," म्हणायची आणि परत घेऊन जायची. माझाही एक मफलर असाच गळ्याला लागून गेला.

ती आळशी नव्हती, हे मी ठामपणे सांगतो. तिचं दुखणं वेगळं होतं. तिला नवी लोकर दिसली की हातातली जुनी वाटायची.

तिची बहीण धुळ्याला होती. बहीण वारली, तिची पोर अक्कानंच वाढवली, लग्न करून दिलं, ती पोरही धुळ्यातच दिलेली. त्यामुळे अक्काची धुळ्याची फेरी असायचीच. धुळ्यात एका मारवाडी शेटजींचं लोकरीचं दुकान. अक्का रस्त्याच्या पलीकडून जरी चालली तरी शेटजी हाक मारायचे, "अक्का, पाणी तर पिऊन जा. घेऊ नका काही." अक्का पाणी प्यायला जायची आणि पिशवी भरून यायची. वर मेथीची जुडी, खाली लोकर.

घरात ती लोकर कुठं ठेवायची ठाऊक आहे? गव्हाच्या कोठीत. गव्हात कडुनिंबाचा पाला घालतात ना, म्हणजे किडा लागत नाही. लोकरीलाही किडा लागत नाही आणि मालकही कोठीत हात घालत नाहीत. पण एकदा दळण काढायला मालकांनीच हात घातला. ते अंगणात येऊन मला म्हणाले, "आबा, आमच्या कोठीत यंदा मेंढी व्याली." अक्का आत गॅसच्या ओट्याशी उभी होती, पदर तोंडाला. देवापुढे हात जोडून तिनं शपथ घेतली की हातचं झाल्याशिवाय नवीन आणणार नाही. शपथ खरी होती. दिवाळीनंतर धुळ्याला जावं लागलं, त्याला ती काय करणार.

त्या खेपेला तिनं जी लोकर आणली ती पाहून आमची ही उठून बसली.

हिच्या किडन्या गेल्या होत्या. रक्त धुवायला दवाखान्यात न्यावं लागायचं. मशीनवर घातली की ही कुडकुडायची. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि ही आत दात वाजवतेय. दवाखान्यातलं ब्लँकेट तिला टोचायचं. अक्का सोबतीला यायची, रिक्षात मध्ये हिला बसवायची आणि तिथं गेल्यावर तिच्या पलंगाशी स्टूल घेऊन विणत बसायची. नर्स ओरडली तर सुया पदराखाली.

तर ती लोकर. हिरवी म्हणावी तर पांढरी, पांढरी म्हणावी तर पोपटी. ही म्हणाली, "अगं, हा तर आपल्या भरताच्या वांग्याचा रंग शे!" दुसरीकडचे लोक वांगं म्हटलं की जांभळं समजतात. आपल्याला ठाऊक आहे. हिनं दोन्ही मनगटं पुढं केली, अक्कानं त्यावर लडी चढवली आणि गुंडा करायला लागली. "माले शाल कर अक्का," ही म्हणाली. "पण मी शे तोपर्यंत दे बरं. नाहीतर तुझ्या त्या स्वेटरासारखी रुखवतात मांडशील."

"जिजी, असं नको ना बोलू," अक्का म्हणाली.

"बोलते तर बोलू दे. बठ्ठं माहीत शे माले तुझं."

दोघी हसल्या. मीही हसलो. आता वाटतं, ती हसण्यासारखी गोष्ट नव्हती.

शाल चांगली चालली होती. वीतभर झाली, हातभर झाली. ही बोटानं टाके चाचपायची, मऊ आहे म्हणायची. तेवढ्यात धुळ्याहून सांगावा आला, भाचीला सातवा महिना लागलाय आणि तब्येत नाजूक आहे. अक्का तिकडे. तिकडे गेल्यावर टोपडं काढलं, झबलं काढलं, दुपटं काढलं. परत आली तेव्हा सुयांचे चार जोड गुंतलेले आणि हिची शाल कोठीत. मी एकदा विचारलं. "झालीच आबा. किनार तेवढी राहिली," म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता आत गेली.

माघ महिन्यात आमची ही गेली. सकाळी दवाखान्यात नेतानाच अंग गार पडत होतं. गेली तेव्हा अंगावर दवाखान्यातलं ते टोचणारं ब्लँकेट होतं.

त्यानंतर अक्का दिसेना. रडायला आली होती, पण बायकांच्या मागं बसली. तेराव्याला पान वाढलं तर पाणी पिऊन उठली. पुढं पुढं तर माझी चाहूल लागली की तिच्या दाराची कडी लागायची. बाजाराला मागच्या बोळातून जायला लागली. ओट्यावर बसणं बंद. विणणं बंद. समोरची आजी मला म्हणाली, "आबा, मेलं तुमच्या घरी आणि सुतक तिच्या घरी."

मलाही तिच्याकडे जायचं होतं, पण कशाला ते तोंडानं सांगता येईना. एवढा म्हातारा माणूस, पोती उचललेला, आणि मला ती अर्धी शाल हातात घेऊन पाहायची होती. हे कोणाला सांगायचं? एकदा धीर करून दार वाजवलं. अक्कानं किलकिलं केलं. मी म्हणालो, "विरजण आहे का थोडं?" तिनं वाटीत दिलं. पुढच्या आठवड्यात परत विरजण. परत एकदा. सून म्हणाली, "बाबा, आपल्याकडे दही विकतचं येतं. ही विरजणं कशाला साठवता फ्रिजमध्ये?" मला खाली पाहावं लागलं.

आखाजी आली, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. माणूस गेल्यावरची पहिली आखाजी म्हणजे त्याच्या नावाची घागर भरावी लागते आणि कोणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवावं लागतं. बाई गेली असेल तर सवाशीण बसवतात. पितराचा पहिला घास पोटात गेल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. लेक म्हणाला, चाळीसगावची आत्या येईल, तिला बसवू. मी म्हणालो, "नाही. अक्का बसेल."

"ती येणार नाही, बाबा."

"मी आणतो."

या खेपेला वाटी नेली नाही. अक्काचे मालक बाहेर बाजेवर बसलेले, त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. मी उभ्यानंच सांगितलं, "आखाजीला तुम्ही आमच्याकडे बसायचं. हिच्या नावानं."

अक्का भिंतीला टेकली. "आबा, दुसरी कोणी पाहा. तिच्या पानावर मी कोणत्या तोंडानं बसू?"

मी हललो नाही. मग ती उठली, कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि पिशवी काढली. शाल अर्धीच होती. सुया तशाच अडकलेल्या, टाक्यांत निंबाचा वाळका पाला.

"लोकर कमी पडली नाही आबा. मीच कमी केली. हिच्यातलीच घेऊन भाचीच्या लेकराच्या टोपड्याला किनार लावली. मनात म्हटलं, परत आणू. गेले तर दुकानात तो रंगच नाही." ती थांबली. "जिजी थंडीनं कुडकुडत गेली. मी टोपड्याला किनार लावत बसले."

गोड बोलायला मला येत नाही. मी म्हणालो, "कुडकुडत गेली, खरं आहे."

अक्कानं मान खाली घातली.

"शाल पुरी असती तरी कुडकुडली असती," मी म्हणालो. "थंडी आतली होती तिची. लेकरू कसं आहे?"

"बरं आहे."

"टोपडं घालतं?"

"घालतं. काढलं की रडतं."

"मग बसा येऊन. चाळीसगावच्या बाईला काय ठाऊक, आमची ही तुम्हाला काय बोलायची ते."

आखाजीच्या दिवशी ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. निखाऱ्यावर पितरांच्या नावाचा घास टाकला, आगारी दिली. अक्का नवं लुगडं नेसून पाटावर बसली. पुरणपोळी, आमरस, कुरडया, सगळं वाढलं. आणि अक्काचा हात पानावर जाईना. नातवंडं भुकेनं चुळबुळत होती, लेक घड्याळाकडे पाहत होता. चाळीसगावची माझी बहीण म्हणाली, "माय वं, घास घे ना. पितर ताटकळलं." अक्कानं घास उचलला आणि परत ठेवला.

मग तिनं पदराखालून ती शाल काढली आणि स्वतःच्या मांडीवर पसरली. त्या उन्हात, लोकरीची. तिच्या कपाळावरून घामाची धार लागली. तशीच जेवली ती. एकेक घास, सावकाश, आमची ही जेवायची तशी आधी आमरस बाजूला सारून. मला तिथं उभं राहवेना, मी पाणी आणायला म्हणून आत गेलो.

जाताना शाल तिनं घागरीजवळ ठेवली. मी ती उचलून माझ्या उशाशी नेली.

पावसाळ्यात तिचे मालक रिटायर झाले आणि दोघं धुळ्याला राहायला गेले, भाचीच्या जवळ. आमच्या शेजारी आता एक कोचिंग क्लास आहे. पोरं दाराशी चपला काढतात, त्यांना ओळीबिळीशी काही देणंघेणं नाही.

दिवाळीच्या सुमाराला अक्काचा फोन आला. "आबा, तो रंग मिळाला! शेटजींनी मागवून ठेवला. शाल पाठवा, पुरी करून देते." आवाज कसा हलका झालेला. मी म्हणालो, "पाठवतो." नाही पाठवली. परत फोन आला. "सापडत नाही," म्हणालो. सापडत नाही! रोज पायावर घेऊन निजतो आणि सापडत नाही म्हणतो. पुढच्या फोनला ती नुसतं म्हणाली, "असू द्या आबा, सापडली की आणा." तिला कळलं असणार. लपवाछपवी तिच्याइतकी कोणाला कळते?

मग मलाच राहवेना. शाल पिशवीत घातली आणि धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, मीही उतरलो. बाकावर बसलो, पिशवी मांडीवर. मनात आलं, शेवटच्या ओळीपर्यंत आमची ही होती. याच्यापुढं जी ओळ पडेल ती हिच्या नंतरची. अक्काला ते कसं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा बाई अर्धी टाकलेली वस्तू पुरी करायला निघाली आणि मी तिची वाट अडवून बसलो.

शेजारी एक बाई येऊन टेकली. पिशवीतून सुया वर आल्या होत्या, त्या तिनं पाहिल्या.

"बाबा, तुम्ही विणता?" तिला हसू आलं. "कोणासाठी?"

"घरवालीसाठी," मी म्हणालो.

"कधी व्हायची मग?"

धुळ्याच्या गाडीच्या कंडक्टरनं घंटी मारली. मी पिशवीचं तोंड आवळून धरलं आणि मान खाली घालून बसून राहिलो, गाडी स्टँडाबाहेर जाईपर्यंत. मग जळगावची गाडी कुठं लागते ते त्याच बाईला विचारलं.