उसातल्या वाटेचा निबंध

आमची पुष्पावहिनी भित्री. भित्री म्हणजे किती, तर पालीला भ्यायची, एसटीच्या हॉर्नला भ्यायची आणि सगळ्यांत जास्त आमच्या आप्पांना भ्यायची. लग्नाला चार वर्षं होऊन गेली तरी ती सासऱ्यांशी एक शब्द थेट बोलली नव्हती. आमच्याकडं तशी रीतच होती म्हणा. जेवायला वाढलं की मला सांगायची, "छबूवन्सं, मामंजींना म्हणावं ताट केलंय." आप्पा तिथंच हाताच्या अंतरावर बसलेले असायचे, त्यांना सगळं ऐकू जायचं, तरी मी आपली तेच परत सांगायची. आणि तेही मलाच म्हणायचे, "तिला म्हनावं, बसतो." मला या दोघांचा अस्सा वैताग यायचा!

आणि या बाईला पुण्यात विद्यापीठाच्या परिसंवादात, माइकसमोर उभं राहून निबंध वाचायचा होता. ती बी.एड. होऊनच आमच्या घरात आली होती. तिचा नवरा, माझा श्रीमंतदादा, शाळेत मास्तर, त्यानंच हौसेनं तिला पुढं एम.एड.ला घातलं. संशोधनाला तिनं विषय घेतला, मुली शाळा का सोडतात. देवळाली प्रवराच्या भोवतालच्या वस्त्यांवर ती दारोदार फिरली. बाप्ये ओट्यावर बसून एकच उत्तर द्यायचे, घरात काम असतं. मग ही आत चुलीपाशी जायची, बायकांना भाकरी थापू लागायची, आणि तिथं वेगळंच निघायचं. शाळेची वाट उसामधून. दिवाळीच्या सुमाराला ऊस डोक्याच्या वर जातो. मग वाटेनं चाललेली पोरगी कुणाला दिसत नाही, आणि उसात कोण आहे ते पोरीला दिसत नाही. ऊस वाढला की मुली घरी बसतात. तोडणी होऊन वाट मोकळी होईपर्यंत त्यांचं शाळेतलं नाव गेलेलं असतं.

दुसऱ्याचं कशाला, मी स्वतःच त्यातली. आठवीत होते. एक दिवस वाटेनं जाताना उसातून पाचट वाजलं. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, त्यावर पाय पडला की खसाखसा वाजतो. मी थांबले, आवाज थांबला. मी चालायला लागले, तो चालायला लागला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. देवाशपथ सांगते, वर्गात बसले तरी कानात पाचट वाजायचं. शेवटी एक दिवस मी रडत, ठेचकाळत पळत सुटले, आणि तोही उसातून माझ्यामागं पळाला. त्या रात्री मला ताप भरला. सकाळी आप्पाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती शाळा. घरात काम लई हाय." मी देवाचे आभार मानले आणि गोठ्यात जाऊन रडले.

हे मी फक्त वहिनीला सांगितलं होतं, तेही माझ्या गळ्याची शपथ घालून. कारण राहुरीकडच्या एका घरात माझं जमत आलं होतं. उसात कुणीतरी मागं लागलं होतं एवढं जरी फुटलं, तरी नुसता मागं चालला यावर कोण विश्वास ठेवणार? लोक पुढचं आपल्या मनानं जोडतात. मला तर विहीरच जवळ करावी लागली असती.

परिसंवादाला दादा तिला घेऊन जाणार होता. पण एकाहत्तरच्या निवडणुकीचं काम मास्तर लोकांच्या गळ्यात पडलं आणि दादा अडकला. सुनेला एकटीला कशी धाडायची? तर आप्पाच निघाले. वहिनीच्या सोबतीला मी. वहिनीचं तोंड पांढरं पडलं. नगरपासून पुण्यापर्यंत तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

विद्यापीठातला तो हॉल केवढा! खुर्च्यांवर सगळी चष्म्याची माणसं. आप्पा फेटा नीट करून मधल्या रांगेत बसले, शेजारी मी. वहिनीचं नाव पुकारलं. ती उठली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि आप्पांकडं चक्क पाठ फिरवून, खिडकीकडं तोंड करून वाचायला लागली! माइक एकीकडं, ही दुसरीकडं. मागून कुणीतरी हसलं. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. तिच्या मार्गदर्शक बाईंनी उठून माइक तिच्या तोंडासमोर आणला, तेव्हा कुठं ऐकू आलं. कागद इतका थरथरत होता की त्याचाच आवाज माइकमधून यायचा.

वाचून झालं. टाळ्या पडल्या, थोड्याच. मग पुढच्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. "बाई, तुमच्या तक्त्यात पालकांचं उत्तर आहे घरकाम. आणि निष्कर्षात तुम्ही म्हणता भीती. कशाची भीती? एखादा प्रसंग, एखादी मुलगी सांगा. नाहीतर हे चुलीपुढचं बोलणं झालं, संशोधन नव्हे."

प्रसंग तिला ठाऊक होता. मुलगी समोर बसली होती, आणि मुलीचा बापही. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनी हात जोडले, वहिनी, नको गं, मेले मी. मार्गदर्शक बाई खाली मान घालून बसल्या. तिचं वर्षभर उन्हातान्हात फिरणं एका प्रश्नात पाण्यात चाललं होतं, आणि ते वाचवायला मला बुडवावं लागणार होतं.

"सांगा की," प्राध्यापक म्हणाले.

वहिनीनं तोंड फिरवलं. खिडकीकडचं तोंड सरळ आप्पांकडं केलं. पदर तेवढा धरून ठेवला होता.

"मामंजी," ती म्हणाली.

आप्पा दचकले. मी तर खुर्चीची कडाच धरली. चार वर्षांत पहिल्यांदा!

"मामंजी, मी गावभर विचारत फिरले. आपल्या घरात विचारायचं राहिलं. छबूवन्संची शाळा का सोडवली?"

सगळा हॉल वळून फेट्याकडं बघायला लागला. आप्पांच्या मानेची शीर ताठ झाली. मला वाटलं, आता हे उठणार, दोघींना ओढत नेणार, आणि वहिनीचं शिक्षण इथंच संपलं. आप्पा उठले. "काम हुतं घरात," म्हणाले.

"खरं सांगा," वहिनी म्हणाली. आवाज रडका होता, पण म्हणाली.

आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्या एवढ्या लोकांत, हलक्या आवाजात बोलले.

"भ्यालो. ऊस वर गेला की पोरगी दिसंना. मग मी आतनं, उसातनं तिच्या अंगाअंगानं चालायचो, पार शाळा दिसंपत्तुर. एक दिवस ती एकदम रडत पळाया लागली. मी बी पळालो. म्हनलं, फुडं कोनतरी आडवं आलंय. पर कोनी घावलं न्हाई. त्या दिशी जो भ्यालो, तो दुसऱ्या दिशी शाळा बंद केली."

ते खाली बसले. प्राध्यापक म्हणाले, "ठीक आहे, हे नोंदवा, महत्त्वाचं आहे," आणि काहीतरी लिहून घेतलं. मार्गदर्शक बाईंनी हुश्श केलं. वहिनीचं काम झालं होतं. पण ती तिथंच उभी, माझ्याकडं बघत, आणि मी तिच्याकडं. आम्हा दोघींनाच कळलं होतं. इतकी वर्षं ज्याला मी स्वप्नात बघून ओरडत उठायची, तो माझ्या शेजारी बसून फेट्याच्या शेवानं घाम पुसत होता.

परतीच्या एसटीत आप्पा आमच्या पुढच्या बाकावर होते. वाघोली मागं पडल्यावर ते न वळताच म्हणाले, "छबे, एक इचारू? त्या दिशी फुडं कोन हुतं गं?"

वहिनीनं माझा हात दाबला. सांगू नको, असंच म्हणत असावी. पण मला राग आवरेना. कुणावर राग, तेही कळेना.

"पुढं कुणी नव्हतं आप्पा. मागून पाचट वाजायचं, त्याला भिऊन मी पळाले."

"मागं तर मीच हुतो," आप्पा म्हणाले.

आप्पांची मान हळूहळू खाली गेली, आणि माझ्याआधी वहिनीच रडायला लागली.

"एक हाक तरी मारायची होती आप्पा!" मी ओरडलेच. गाडीतले चार लोक वळून बघायला लागले. "छबे, मी हाय, एवढं तरी म्हणायचं होतं!"

आप्पांनी आधी त्या लोकांकडं पाहिलं, मग आवाज आणखी खाली आणला.

"हाक कशी मारू? आप्पासाहेबाला पोरीच्या मागं हिंडावं लागतंय, म्हंजी पोरीतच काय तरी हाय, आसं म्हनले असते लोक. हळू बोल. ते बघ, आजून बघत्यात."