पाथरीचा मामूल

कडूबाईच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून देवालाही नकोसं वाटावं असं नाव तिला ठेवलं. नाव लागू पडलं, बाई जगली. जगून केलं काय, तर उभा जन्म पाथरी खुडली.

पाथरी म्हणजे काही थोर वनस्पती नव्हे. ज्वारीच्या रानात, बांधाला, जमिनीला चिकटून पसरते आणि बारीक दांडीवर पिवळं फूल धरते. फुलली की पाला कडवट होतो. तेव्हा पिवळं दिसलं की तिथं वाकायचं आणि शेजारची, अजून न फुललेली खुडायची, हे तिला आईनं शिकवलेलं. हा पाला भाकरीबरोबर कच्चाच खातात. बाळंतिणीला दिला तर अंगावर दूध येतं, अशी तिकडच्या बायकांची खात्री.

मुलखावर राज्य निजामाचं होतं आणि गावावर विठ्ठलराव देशमुखांचं. त्यांच्या पत्नी जानकीबाई बाळंत झाल्या आणि दूध काही येईना. कडूबाई विधवा, दीड एकराची धनीण. पण तिला राहवलं नाही. कुणी न सांगता तिनं टोपलीभर पाथरी नेऊन दिली, चांगले पाच दिवस दिली. दूध आलं. सहाव्या दिवशी ती गेली नाही, तर देशमुखांचे दिवाणजी त्रिंबकराव दारात हजर.

"काल दिलीस, मग आज कावून न्हाई?"

त्या मुलखात मामूल नावाचा प्रकार होता. एकदा राजीखुशीनं दिलेली वस्तू पुढं घेणाऱ्याचा हक्क होऊन बसे. कुणाचं तूप मामूल झालं, कुणाची कोंबडी, कडूबाईची पाथरी. जानकीबाईंचं बाळ अंगणभर पळू लागलं तरी टोपली सुटली नाही. आता ती म्हशींना लागत होती. पावसाळा सरल्यापासून शिमग्यापर्यंत, रोज ऊन चढायच्या आत. नाही म्हणावं तर पिण्याच्या पाण्याची विहीर गावात एकच, तीही देशमुखांची. सरळ भाषेत याला ओरबाडणं म्हणतात.

सहाव्या वर्षी ऐन थंडीत चौसाळ्याहून लेकीचा सांगावा आला. छबुबाईचं दुसरं बाळंतपण सासरीच झालेलं. दूध नव्हतं, पोर वाळत चाललं होतं. घरात सासू नाही, सगळी गडीमाणसं. पाथरी तिथल्या बांधालाही होती, पण ती ओळखून, खुडून, बाळंतिणीजवळ बसून खाऊ घालणारं कुणी नव्हतं.

कडूबाईनं त्रिंबकरावांचे पाय धरले. "आठ दिस सोडा, दिवाणजी. लेकीचं लेकरू हातचं जातंय."

"जा की. तुला काय बांधून ठेवलंय? टोपली तेवढी चुकू देऊ नको. बदली माणूस दे आन् जा."

शेजारच्या सारजाबाईनं हे ऐकलं. ती नगरकडच्या इंग्रजी मुलखातली, गेल्या दिवाळीत नवऱ्याबरोबर इथं राहायला आलेली. मामूल हा शब्दही तिच्या कानावर आला नव्हता. "मी नेते आठ दिस," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? तू बिनघोर जा."

तिच्या हातून एक टोपली त्या दारात गेली की तिचंही घर कायमचं अडकणार, हे कडूबाईला स्वच्छ दिसत होतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण सांगितलं असतं तर सारजाबाई मागं सरली असती. कडूबाईनं तो शब्द गिळला, विळा तिच्या हातात दिला आणि चौसाळ्याची वाट धरली. वाटभर तिला स्वतःची लाज वाटत होती, तरी पाय काही थांबले नाहीत.

छबुबाईला तिनं दोन्ही वेळा समोर बसवून पाथरी चारली. सहाव्या दिवशी पोर लुचता लुचता पोटभर पिऊन झोपलं. कडूबाई तिथंच भिंतीला टेकून रडली.

ती परतली तेव्हा दिवाणजी वाटेतच भेटले. "आलीस? बरं झालं. उद्यापासून दोन टोपल्या. एक तुझ्या घरची, एक सारजाबाईच्या. म्हशी वाढल्यात."

सकाळी ती रानात गेली तर सारजाबाई आधीच बांधावर वाकलेली. पाथरीच्या चिकानं तिची बोटं काळी पडली होती. वर न बघता तिनं विचारलं, "असं व्हणार, हे तुला ठावं व्हतं?"

खोटं बोलता आलं असतं.

"व्हतं," कडूबाई म्हणाली.

सारजाबाईनं टोपली उचलली आणि ती बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पुढची अकरा वर्षं दोघी त्याच रानात पाथरी खुडत होत्या. सारजाबाई तिच्याशी पुन्हा बोलली नाही. कडूबाईनंही तिला कधी हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार?