भाव न करणारे मास्तर

“आधी बसू द्या, मग बघू,” असं म्हणत ते उजवा पंजा हवेत पालथा धरायचे आणि हळूहळू खाली आणायचे. चहात पत्ती तरंगत असली तरी हेच. रस्त्यावरून लॉरी जाऊन धुरळा उठला तरी हेच. मी हमालावर ओरडत असलो तरी माझ्याकडे बघून तोच पंजा, तेच वाक्य. माझा राग त्यामुळे बसायचा नाही, उलट वाढायचा.

चिंचवड स्टेशनच्या खिडकीवर ते तिकिटं द्यायचे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. नाव इथे लिहीत नाही. माझी त्यांच्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती नावानिशी करणं बरं दिसत नाही. तुम्हीही माणसं पाहिलेली आहेत. मी सांगतो, तुम्ही ठरवा.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बाकीचं मी चाकणच्या बैलबाजारात शिकलो. तिथे सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कितीला ठरलं ते कळत नाही. त्या बाजाराची एक रीत आहे. मालकाला भाव विचारलात तर काहीतरी बोली लावायचीच. निम्म्याला मागा, चौथाईला मागा, शिव्या खा, पण मागा. भाव विचारून मुकाट्यानं निघून जाणं म्हणजे मालकाच्या तोंडावर त्याचा बैल मेलेला आहे म्हणण्यासारखं.

महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जुना माल लिलावात निघू लागला, तेव्हा मी बैल सोडून त्या धंद्यात शिरलो. मुंबई रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. टायर, जेरीकॅन, तंबू, तारेची भेंडोळी, काय वाटेल ते. अशाच एका लिलावात लोखंडी पेटारा हाती लागला. आत दोन लेन्स होत्या. एक विमानातून जमिनीचे फोटो काढायची, पितळी, माठाएवढी, एकट्यानं उचलताना कंबर धरावी अशी. दुसरी चामड्याच्या डब्यात, वीतभर, काळी, सुबक. मी साधा विचार केला, मोठी ती भारी.

मास्तर पहिल्यांदा दुकानात आले ते कंदिलाची काच शोधत. त्यांची नजर त्या डब्यावर गेली आणि तिथेच राहिली. बैलबाजारात गिऱ्हाईक पसंत पडलेल्या बैलाकडे पुन्हा बघत नाही, बघितलं की भाव चढतो. मास्तरांनी तर डबा उघडला, लेन्स उजेडाकडे धरली आणि लहान मुलासारखं तोंड करून म्हणाले, “शेठ, हीच. हिलाच टेलिफोटो म्हणतात. नळी आखूड, पण नजर लांब. माझ्या कॅमेऱ्याला बसेल.”

“कशाचे फोटो काढता?”

“पाखरांचे.”

“मग ती मोठी बघा की. मैलभरावरचं दिसेल.”

“तिला उघडमीट करणारा पडदा नाही, शेठ. विमानातल्या कॅमेऱ्यातच पडदा असायचा, ती त्याच्या भरवशावर. फोटो काढायचा तर हातानं झाकण काढायचं आणि हातानं लावायचं. तेवढ्यात पाखरू मान वळवतं.” मग त्यांनी डबा बंद केला. “हिचे किती?”

मनात माझे शंभर-सव्वाशे होते. म्हणून तोंडानं तीनशे सांगितले.

“बरं,” ते म्हणाले. डबा जागेवर ठेवला, नमस्कार केला आणि निघाले.

माझ्या दुकानापासून चाळीस पावलांवर कडुलिंब होता. भाव करणारा माणूस तिथवर जातो आणि मागे वळतो. मी हाक मारायला तोंड उघडून बसलो होतो. मास्तर कडुलिंब ओलांडून गेले. वळले नाहीत.

शेजारी गॅरेज चालवणारे उस्मानभाई जॅकवर बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, “शेठ, आज तुमचा माल मेला का काय?”

तो घाव मला बसला. पुढच्या रविवारी मास्तर नुसतेच डबा बघायला आले तेव्हा मी चार लोकांसमोर मोठी लेन्स तराजूत टाकली. “घ्या मास्तर. पितळेच्या भावात, शेरावर. तुमच्या ऐपतीचा माल आहे.”

लोक हसले. मास्तरांनी पैसे दिले, लेन्सवरची धूळ सदऱ्यानं पुसली आणि म्हणाले, “चालेल. तोवर हिच्यावर हात बसेल.”

‘तोवर’ हा शब्द मी ऐकला होता. त्याचा अर्थ विचारायला मला तीन वर्षं सुचलं नाही.

त्या लेन्सला त्यांनी चहाच्या खोक्याच्या फळ्यांचा पेटीसारखा कॅमेरा केला. मागे घासलेली काच, वर काळं कापड, पुढे पुठ्ठ्याचं झाकण. पेटी सायकलवर मावेना. माझी लॉरी बाजाराच्या दिवशी चाकणला जायची, तर म्हणाले, “मोशीला नदीवर सोडाल का?” मी सोडायचो. राग होता, पण वाटेत गप्पांना माणूस बरा होता.

आणि रविवार चुकवायचे नाहीत. यायचे, चामड्याचा डबा उघडायचे, लेन्स उन्हात धरायचे, पुन्हा ठेवायचे. पावसाळा लागला तेव्हा त्यांनी भाजलेल्या तांदळाची एक पुरचुंडी डब्यात घातली.

“हे काय?”

“ओल ओढून घेतात. नाहीतर काचेला बुरशी लागते. दर पंधरा दिवसांनी मी बदलत जाईन.”

“माल माझा आणि तांदूळ तुमचे?”

“काच चांगली आहे हो. कुणाची का असेना.”

मी मनात म्हटलं, हा मोठा मुरलेला दिसतो. तांदूळ घालून मला मऊ करतोय. मीही ठरवलं, हा एक शब्द बोलेपर्यंत आपण भाव उतरवायचा नाही. दीडशे म्हण, शंभर म्हण, ऐंशी म्हण, लाज सोडून काहीतरी म्हण. ते तांदूळ बदलत राहिले आणि मी वाट बघत राहिलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा मोशीच्या उतारावर लॉरी तापली, म्हणून मीही त्यांच्याबरोबर पात्रात उतरलो. नदी आटून डोहापुरती उरली होती. डोहाच्या मध्ये वाळूचं एक बेट. अलीकडच्या वाळूत हौसाबाई नावाच्या म्हातारीची टरबुजाची वाडी होती. मास्तरांना बघून तिनं, पाखरू बिथरू नये म्हणून, आपणहून कुत्रं खुंटाला बांधलं.

“आलं का मास्तर? बसलंय तुमचं पाखरू. सकाळधरनं हाय.”

“अंडी किती?”

“दोनच दिसत्यात. तिसरं कावळ्यानं नेलं, मेल्यानं.”

मास्तरांनी पेटी रोवली आणि मला कापडाखाली घातलं. काचेवर सगळं जग उलटं. वर वाळू, खाली आभाळ, आणि त्या उलट्या वाळूला चिकटल्यासारखा एक करडा पांढरा पक्षी. काळी टोपी, पिवळी चोच. नदी सुरय म्हणतात तिला, हे त्यांनीच सांगितलं. घरटं नाही, काडी नाही. उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालते. आयुष्यभर मी कापडाखाली नुसती बोटं दाबली होती. कापडाखाली पाखरू पहिल्यांदाच पाहिलं.

“जवळ का जात नाही? पाणी गुडघाभरच दिसतंय.”

“मी जवळ गेलो तर ती उडणार. ती उडाली की या उन्हात अंडी भाजणार. म्हणून तर लांबची लेन्स हवी. आता थांबा. ती पाण्यावर गेली की बघा.”

ती उडाली. डोहावर उतरली, पोट पाण्यात बुडवलं आणि परत आली. अंड्यांवर उभी राहिली, आणि तिच्या पोटाच्या पिसांतून थेंब गळले. त्या मोठ्या लेन्समधून मला ते अगदी स्पष्ट दिसले. दोन, तीन, चार. मग ती बसली.

“अंडी गार करते,” मास्तर कुजबुजले. “दिवसभरात कितीतरी खेपा. मला तेवढंच हवंय, शेठ. थेंब पडतानाची सुरय. बाकी एकही फोटो नाही निघाला तरी चालेल.”

त्यांनी दिवसभर झाकण काढलं आणि लावलं. पुढच्या आठवड्यात मला सगळ्यांत चांगला फोटो दाखवला. वाळूचा कण न् कण दिसत होता, अंड्यांवरचे ठिपके मोजता येत होते. आणि वर, पक्षी असायचा तिथे, चुन्याचं बोट फिरवल्यासारखा पांढरा ओघळ.

“पाखरू हललं,” ते म्हणाले. “तिचा काय दोष.”

डबा माझ्या मागच्या फळीवर होता. हात मागे नेला असता तर पुरलं असतं. मी नेला नाही. म्हटलं, आता तरी मागेल.

तिसऱ्या वर्षी, होळीच्या आधी, मुंबईच्या एका गृहस्थाची मोटार बिघडून उस्मानभाईंकडे आली. वेळ घालवायला तो माझ्या शेडमध्ये शिरला.

“याचे किती, शेठ?”

“तीनशे.”

“मी मोटार नाही मागत, डबा मागतोय. साठ.”

“साठला याचा पट्टासुद्धा येत नाही! काच बघा. तीन पावसाळे काढलेत, बुरशीचा एक ठिपका दाखवा.”

त्यानं काच बघितली. ठिपका नव्हता. तो कडुलिंबापर्यंत गेला, वळला, मी हाक मारली. पुन्हा गेला, पुन्हा वळला. सव्वाशेला सौदा पटला. मला फार बरं वाटलं. तीन वर्षांनी कुणीतरी रीतीनं वागलं होतं. डब्यातून पुरचुंडी काढून त्यानं माझ्या टेबलावर टाकली आणि तो गेला.

धुळवड झाल्यावर मास्तर आले. नेहमीचा रविवार नव्हता. इस्त्रीचा सदरा, हातात रेल्वेचं खाकी पाकीट.

“शेठ, जमले एकदाचे. पूर्ण तीनशे आहेत. दुसऱ्यांच्या पाळ्या करत होतो ना, त्याचे. यंदा सुरय लवकर बसेल असं वाटतंय, म्हणून…”

त्यांची नजर टेबलावर गेली. पुरचुंडी तिथेच पडली होती. मी ती उचललीसुद्धा नव्हती. त्यांनी ती हातात घेतली, जरा दाबून पाहिली आणि मागच्या फळीकडे बघितलं.

कुणाला विकली, कितीला, असं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित खोटं बोललो असतो आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ते रिकाम्या फळीकडेच बघत राहिले आणि मी भडकलो. हो, मीच.

“भाव का नाही केलात?” मी ओरडलो. “तीन वर्षं! सव्वाशेला गेली ती! पहिल्याच दिवशी शंभर म्हणाला असतात तर देऊन टाकली असती! तोंड नाही तुम्हाला? एक शब्द बोलायला काय झालं होतं?”

उस्मानभाई काम टाकून दारात आले. मास्तरांचा पंजा सवयीनं वर उठला, पण खाली आलाच नाही, तसाच राहिला.

“खिडकीवर मी पुण्याच्या तिकिटाचे पैसे सांगतो,” ते म्हणाले. “कुणी त्यात कमी करा म्हणत नाही. मला वाटलं, तुम्ही सांगितलेत म्हणजे तेवढेच.”

“मास्तर, दुसरी येईल लिलावात. मी शोधतो.”

“शोधा ना. घाई नाही.” आणि जाताना पुरचुंडी परत टेबलावर ठेवली. “हे राहू दे. दुसऱ्या काचांना होतील.”

उस्मानभाई नंतर एवढंच म्हणाले, “शेठ, तुमच्या शब्दाची पूर्ण किंमत देणारा एकच माणूस होता.”

मी त्यांच्यावरही ओरडलो.

मी खरंच शोधली. पुण्यातला जुना बाजार पालथा घातला, तीन लिलावांना जाऊन आलो. तशी काच पुन्हा निघाली नाही. मुंबईच्या त्या गृहस्थाचं नाव मी विचारलंच नव्हतं. त्या उन्हाळ्यात मास्तर पुन्हा पेटी घेऊनच मोशीला गेले. लॉरीत माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. तेच मला सोसत नसे. पावसाळ्यात त्यांची बदली दौंडच्या पलीकडे कुठेतरी झाली. निघायच्या दिवशी पेटी माझ्याकडे आणून ठेवली.

“नवीन जागेत मावणार नाही. पितळ म्हणून विका, शेठ.”

ती अजून शेडमध्ये आहे. कुणी भाव विचारला तर मी सांगत नाही. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याची काहीतरी चाल आहे.

आता माझी तक्रार ऐका. माणसानं मागावं. मागितल्याशिवाय समोरच्याला कसं कळणार? मी काही मनातलं वाचत नाही, मी डोळे वाचतो, आणि त्यांचे डोळे तर पहिल्याच दिवशी मी वाचले होते. इथे माझी तक्रार अडते. दर वेळी इथेच अडते.

मास्तर गेल्यानंतरच्या चैत्रात चाकणहून येताना मी मोशीला लॉरी थांबवली. पेटी शेडमध्येच होती, रिकाम्या हातानंच पात्रात उतरलो. हौसाबाई वाडीत होती. तिच्या पायाशी कुत्रं बांधलेलं.

“मास्तर न्हाई आलं व्हय?”

“बदली झाली त्यांची.”

“आगं बया. आन् मी आपली रोज कुत्रं बांधतीया.”

मी वाळूत बसलो. बेटावर पांढरं काहीतरी होतं. खूप वेळानं ते उठलं, डोहावर उतरलं, पोट टेकवून परत आलं आणि आपल्या जागेवर क्षणभर उभं राहिलं. मी डोळे बारीक केले, हाताची नळी करून पाहिली.

थेंब पडले असणार. तेवढ्या लांबून मला ते दिसले नाहीत.