खटक्याला बांधलेली सुतळी

वयाच्या बहात्तराव्या वर्षी माझे वडील कडुलिंबावर चढायचे, म्हणून मी ती फांद्या कापायची मशीन आणली. पुढे जे झालं त्याचं मूळ एवढंच आहे, आणि कितीही फिरवून सांगितलं तरी ते बदलत नाही.

आमचं शेतातलं घर अंबडकडून अंकुशनगरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मागे मोसंबीची बाग, आणि घराच्या पत्र्यावर वाकलेला जुना लिंब. दर उन्हाळ्यात, वादळवारं सुटायच्या आधी, आबा त्याच्या फांद्या उतरवायचे. पाला शेजारचे चाचा शेळ्यांना न्यायचे. खालच्या फांद्यांना बांबूच्या टोकाला विळा बांधलेली आकडी पुरायची, वरच्यांसाठी आबा स्वतः चढायचे. मी जालन्याहून फोनवर ओरडायचो, "चढू नका." ते म्हणायचे, "बरं." आणि चढायचे.

आबांनी पडून चालणार नव्हतं. आसपासच्या गावांत मोसंबीचे डोळे भरायला त्यांनाच बोलावत. डोळा भरणं म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा डोळा सालीसकट काढून रानटी रोपावर बसवणं. चाकूने रोपाच्या सालीला चीर द्यायची, अंगठ्याने ती हलकेच उकलायची, डोळा आत सरकवायचा आणि अंगठ्यानेच दाबून धरत पट्टी गुंडाळायची. आबांनी भरलेला डोळा सहसा वाया जात नसे. लहानपणी त्यांनी मलाही शिकवून पाहिलं. माझे सगळे डोळे वाळले. मग मी कॉलेज केलं आणि जालन्यात नोकरीला लागलो. आमच्याकडे पाहुणे आले की हा किस्सा हमखास निघतो आणि मी पण हसतो.

मशीन विजेवर चालणारी होती. लांब दांडा, त्याच्या टोकाला साखळीची करवत. सोबत एक पुस्तिका होती. मी ती ओट्यावर बसून आबांना मोठ्याने वाचून दाखवली, मास्तरासारखी. फांदीच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही. विजेच्या तारेजवळ न्यायची नाही. मोठी फांदी एकदम तोडायची नाही, टोकाकडून तुकडे करत यायचं; आधी खालून थोडी चीर, मग वरून. साखळीला हात लावायचा तर आधी बोर्डातून पिन काढायची.

आबा शेंगा सोलत ऐकत होते. "अन् लाईट गेली तर?"

"तरी पिन काढायची."

"लाईट गेली म्हंजी मशीन मेली की. मेलेल्या इच्चूला कोण भेतंय?"

पालथ्या घड्यावर पाणी, असं मी आईला म्हणालो. पण ते खरं नव्हतं. आबांना ती मशीन माझ्याआधी कळली. नवी साखळी थोड्या वेळाने ढिली पडते, ती थंड झाल्यावरच ताणायची, बोटाने ओढून सोडली की जागेवर बसली पाहिजे, हे त्यांना पहिल्याच दिवशी समजलं. तेल संपत आलं की आवाजावरून सांगायचे. गोल कानशीने एकेक दात एकाच दिशेने घासताना त्यांचा चेहरा डोळे भरतानाचा असायचा. एकच खोड जाईना. आकडीच्या सवयीने ते सरकत सरकत फांदीखाली जायचे. मग मी पायाने मातीत रेघ ओढायचो आणि सांगायचो, "ह्या रेघेच्या आत यायचं न्हाई." आणि ते यायचे नाहीत. त्या रेघेचा मला फार अभिमान होता. माझे वडील माझं ऐकतात, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची बोटं दुखायला लागली. मशीनचा खटका दाबून धरला तरच साखळी फिरते, सोडला की थांबते. ती सोय हात निसटला तर जीव वाचावा म्हणून असते, आणि पुस्तिकेत ते ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. आबा म्हणाले, "बोटं भरून यायलीत रे. जरा खटका बांधून दे." मी पाहिलं, त्यांची बोटं थरथरत होती. मला वाईट वाटलं. मी सुतळीचे चार वेढे देऊन खटका आवळून बांधला आणि म्हणालो, "बोर्डाचं बटन माझ्या हातात राहील. मी सांगितल्याशिवाय साखळीला हात लावायचा न्हाई." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना.

सकाळी दहा-साडेदहाची वेळ असेल. वरची एक जाड फांदी अर्धी कापली गेली आणि लाईट गेली. शेतातल्या लाईटचं ते नेहमीचंच. आबांनी दांडा हळूच खाली उतरवला, करवत फांद्यांच्या ढिगाला टेकवली आणि खाली बसले. मी बोर्डापाशी उभा होतो. बटण चालू होतं. ते बंद करायला एक बोट लागलं असतं. मी खिशातून फोन काढला आणि लाईट कधी येणार ते गावातल्या एकाला विचारायला दोन पावलं सावलीत गेलो.

तिथून मला आबा दिसत होते. करवत नीट चालत नाही असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी वाकून दातांवरचा भुसा फुंकला, आणि विळ्याची धार बघतात तसा अंगठा साखळीवर टेकवला. आमच्याकडे कुणीही असंच करतं. विळा असो, खुरपं असो, चाकू असो, अंगठा लावल्याशिवाय धारेवर कुणाचा विश्वास बसत नाही. मला ते दिसलं आणि कळलंसुद्धा. मी "आबा, पिन" एवढं म्हणालो, आणि घरातला पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

पाला न्यायला आलेले चाचा ओरडले, "भाऊ, जल्दी! पिन काढा, पिन!" मी तिथेच फोन धरून उभा. पिन चाचांनीच उपटली. त्यांनीच आपला गमछा आबांच्या हाताला गुंडाळला, मोटारसायकल काढली, आबांना मध्ये बसवून मला मागे धरायला लावलं. वाटेत आबा एकच गोष्ट दोनदा म्हणाले, "फांदी अर्धी लटकून राह्यली. खालून कुणाला जाऊ देऊ नका."

उजवा अंगठा वरच्या पेरापासून गेला होता. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या दिवशी पाल्याचा ढीग आईने एकटीने उपसला. ती काय शोधत होती ते मी तिला कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आबा घरी आले. दोन दिवसांनी मी मशीन बाहेर काढली, कुणाला तरी देऊन टाकावी म्हणून. खटक्यावर सुतळी नव्हती. कापून काढलेली होती, वेडीवाकडी, डाव्या हाताने कापावी तशी. भेटायला येणाऱ्याला आबा सांगायचे, "माझंच ध्यान न्हवतं. पोरगं सांगूनच राह्यलं होतं." साधं दावं सैल बांधलं म्हणून माझ्या सात पिढ्या काढणारा माणूस. मी वाट पाहत राहिलो की एकदा तरी ते शिव्या देतील. त्यांनी सुतळीचं नाव काढलं नाही, आणि लोकांसमोर मीही काढलं नाही. ह्याची मला लाज वाटते.

दिवाळीनंतर डोळे भरायची बोलावणी आली. आबा "बघू" म्हणायचे. एका रविवारी मी गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून डोळे भरायचा चाकू दगडावर घासत होते. पुढ्यात मोसंबीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. घासून झाल्यावर त्यांनी पातं पुसलं आणि सवयीने अंगठा लावला. आखूड, गुळगुळीत, गुलाबी झालेला. क्षणभर तसाच ठेवला. मग डावा अंगठा लावून पाहिला, मान हलवली, आणि चाकू माझ्यापुढे धरला.

"बघ बरं, धार आली का?"

मी अंगठा लावला.

"दाबू न्हाई. नुसतं टेकवायचं."

मी नुसता टेकवला. मला थंड लोखंडाशिवाय काही कळलं नाही. धार आली म्हणजे अंगठ्याला नेमकं काय लागतं, ते मी कधी शिकलोच नव्हतो.

"आली," मी म्हणालो.

चाकू परत द्यायला मी हात पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. त्यांनी फडकं सोडलं, एक काडी निवडली आणि माझ्या दुसऱ्या हातात दिली.